माती आणि नाच, दोन्ही एकाच आयुष्यात कसं काय? सतत विचारले जाणारे प्रश्न

मी सिरॅमिक्स करते आणि नाचते, दोन्ही मन लावून, आणि वर्कशॉप असो की शो संपल्यावरच्या गप्पा, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. काही खूप लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळींत संपलीत.

एकच काहीतरी धरून नीट का करत नाही?

पहिला प्रश्न नेहमी हाच. लोकांना वाटतं नाच म्हणजे पायांचं काम आणि माती म्हणजे हातांचं, म्हणजे ही दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. दोन्हीकडे मी एकाच गोष्टीवर काम करते आणि ती म्हणजे वजन. अंगाचं वजन जमिनीवर कसं टाकायचं, कधी सोडायचं, पडता पडता कुठे सावरायचं, हा नाच. तेच वजन दोन तळव्यांतून मातीच्या गोळ्यापर्यंत कसं पोचवायचं, हे कुंभाराच्या चाकावरचं काम. साधनं वेगळी, तंत्र वेगळं, पण लागणारं शरीर एकच आणि लक्ष द्यायची पद्धतही एकच. वेळापत्रकं मात्र दोन आहेत आणि खरी ओढाताण तिथेच होते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी काय शिकलात?

नाच. माती बऱ्याच उशिरा आली. उलट क्रमानेही होतं, मी बघितलंय, फक्त सांधे लवकर तयार झालेले असले तर नाचाला बरं पडतं. मातीला वयाची घाई नाही.

नाच येत असेल तर चाकावर पटकन जमतं का?

पटकन असं नाही म्हणणार, पण एक टप्पा नक्की सोपा जातो, आणि तो म्हणजे सेंटरिंग. म्हणजे मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणणं. ज्याने आधी कधी केलं नाही तो हाताच्या जोराने ढकलतो, खांदे कानापाशी जातात, श्वास अडकतो आणि गोळा हाताला धक्के देत राहतो. करायचं असतं ते असं, की कोपर मांडीला किंवा कमरेला टेकवायचं, कमरेतून पुढे झुकायचं, पाय जमिनीवर घट्ट, आणि हात फक्त जागेवर ठेवायचे. हात हलतच नाहीत. माती फिरत येते, तिचा उंचवटा हाताला लागतो आणि हळूहळू आत जातो. सगळा जोर पाठीतून, ओटीपोटातून आणि पायातून, दंडातून जवळजवळ काहीच नाही. नाचात हात उचलायचा तर तो पाठीतून उचलायचा हे वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे नर्तकाला हे एकदा सांगितलं की कळतं, कधीकधी सांगावंही लागत नाही.

दुसरा फायदा लयीचा. भिंत वर ओढताना चाक किती वेगाने फिरतंय आणि बोट किती वेगाने वर जातंय हे दोन वेग एकमेकांना धरून चालले पाहिजेत. बोट घाईने वर गेलं तर भिंतीवर स्क्रूच्या आट्यांसारखा जाड-बारीक वळसा राहतो, आणि तो मग झाकता येत नाही. भांडं रुंद होत जाईल तसा चाकाचा वेग कमी करायचा, कारण काठ मध्यापासून जितका लांब तितकी त्याची बाहेर फेकलं जायची ओढ जास्त. लय कुठे उतरवायची हे ज्याच्या अंगात आहे तो हे पायाच्या पेडलवर आपोआप करायला लागतो.

आता जिथे नाच आडवा येतो तेही सांगते. आपल्याला सवय असते बघितलं जाण्याची. हालचाल मोठी, पोचणारी, सुंदर हवी. चाकावर हालचाल जितकी कमी तितकं काम चांगलं, आणि हात मातीवरून काढताना तर इतक्या सावकाश काढायचे की बघणाऱ्याला काही घडलं असं वाटूच नये. झटक्यात काढले की सेंटर गेलंच. बऱ्याच नर्तकांना हा भाग जड जातो.

आणि उलटं? मातीमुळे नाचात काय बदललं?

हे मला कुणी विचारलं की खूप बरं वाटतं कारण याचा विचार मी रोज करते.

मातीला मेमरी असते, असं सगळे कुंभार म्हणतात, आणि त्यामागे कारण आहे. मातीचे कण चपटे असतात, पापुद्र्यासारखे, आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. तुम्ही जसं दाबाल, वाकवाल तसे कण एका दिशेने लागत जातात. एखादा स्लॅब, म्हणजे मातीची लाटलेली सपाट पाटी, उचलताना वाकला, तुम्ही तो परत सपाट केला, दिसायला एकदम सरळ, पण सुकताना किंवा भट्टीत तो पुन्हा त्याच बाजूला वाकतो. पोर्सिलेनमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत, तर फारच. म्हणून स्लॅब नीट उचलावा लागतो, नंतर दुरुस्त करू म्हणून चालत नाही.

हे कळल्यावर माझा रियाजाकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. थकलेल्या अंगाने, चुकीच्या पोझिशनमध्ये एखादी गोष्ट पन्नासदा करायची आणि मग दुरुस्त करायची, यात अर्थ नाही, कारण शरीर ती आधीची बाजू सोडत नाही, शोच्या ताणात नेमकी तीच वर येते. आता मी कमी वेळा करते पण ताजी असताना करते.

दुसरी गोष्ट म्हणजे मातीच्या अवस्था. ओली असताना ती कुठलाही आकार घेते पण स्वतःचं वजन पेलत नाही. लेदर हार्ड झाली, म्हणजे अजून दमट आहे पण बोटाने दबत नाही, की तळ ट्रिम करता येतो, म्हणजे जास्तीची माती खरवडता येते, हँडल जोडता येतं, कोरता येतं. पूर्ण सुकली की जोडाजोडीची वेळ संपली, आणि तेव्हाच ती सगळ्यात नाजूक असते. नवीन नाच बसवताना मला हेच दिसायला लागलंय. सुरुवातीला सगळं सैल असतं तेव्हा त्यावर बारकावे लादायचे नाहीत, आणि शोच्या चार दिवस आधी नवीन तुकडा जोडायचा नाही. मधली एक वेळ असते, कधीकधी आठवडाभराचीच, जेव्हा नाच आकार धरून असतो आणि तरी बदल घेतो. ती वेळ ओळखायला मला मातीने शिकवलं, नाचाच्या कुठल्याही शिक्षकाने नाही.

आणि एक छोटंसं. बरोबर सेंटर झालेला गोळा जोरात फिरत असला तरी बघताना स्थिर दिसतो. मी स्टेजवर स्तब्ध उभं राहणं त्याच्याकडे बघून बघून सुधारलंय.

चाकाकडे बघून, वर गिरक्या घेऊन गरगरत नाही का?

चाकाने नाही, कारण तुम्ही स्वतः फिरत नाही. गिरकीत आतल्या कानातलं द्रव फिरायला लागतं आणि तुम्ही थांबलात तरी ते लगेच थांबत नाही, म्हणून चक्कर येते. नर्तक डोळे एका बिंदूवर रोखून डोकं सगळ्यात शेवटी वळवतात आणि सगळ्यात आधी परत आणतात, त्याने मेंदूला आधार मिळतो. कथ्थक असो की बॅले, हे तंत्र थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. चाकावर दिवसभर बसून मग लगेच गिरक्यांचा सराव केला तर मान आखडलेली असते आणि डोकं वेळेत वळत नाही, त्यामुळे तेवढं टाळते.

दोन्हीचं वेळापत्रक कसं बसवता?

मातीचं आधी बसवते आणि नाचाचं त्याच्याभोवती, कारण नाचाची तालीम पुढे-मागे करता येते, सुकणारी माती थांबत नाही.

म्हणजे बघा, आज चाकावर भांडी केली तर उद्या किंवा परवा ती लेदर हार्ड होणार, हवेत दमटपणा किती त्यावर अवलंबून. त्या दिवशी मला ट्रिमिंगला वेळ हवाच. नसेल तर प्लास्टिकखाली झाकून दोन-चार दिवस ढकलता येतात, ओला स्पंज आत ठेवला तर आणखी थोडे, पण किती झाकलं तरी काठ तळापेक्षा आधी सुकतोच आणि असमान सुकलं की तडा. म्हणून ज्या आठवड्यात रोज तालीम आहे त्या आठवड्यात मी चाकावर बसत नाही, फक्त ती कामं घेते जी थांबू शकतात: ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) मिक्स करणं, जुनी माती रिक्लेम करणं, म्हणजे भिजवून परत वापरण्याजोगी करणं, बिस्क झालेल्या, म्हणजे एकदा भाजलेल्या, भांड्यांना सँडिंग (ओलं करून, कोरडं कधीच नाही), टेस्ट टाइल्सच्या, म्हणजे ग्लेझ तपासायच्या छोट्या तुकड्यांच्या, नोंदी.

पूर्ण सुकायला साधारण एक-दोन आठवडे धरते, जाड शिल्प असेल तर कितीतरी जास्त. मग पहिली भट्टी म्हणजे बिस्क, साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास. सुरुवात अगदी सावकाश, १०० अंशांच्या खाली काही तास, कारण आत पाणी राहिलं असेल तर त्याची वाफ होऊन भांडं फुटतं. नंतर ५७३ अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, थंड होताना तिथेच एकदम आक्रसतो, म्हणून भट्टी घाईने उघडायची नाही. मग ग्लेझ, मग दुसरी भट्टी, स्टोनवेअरला, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीला, १२०० ते १३०० अंश. दोन्ही वेळेला चढायला जितका वेळ तितकाच, कधी त्याहून जास्त, उतरायला. ओल्या मातीपासून तयार भांड्यापर्यंत आकार साधारण १० ते १३ टक्के कमी होतो, पोर्सिलेनचा आणखी, आणि हिशेब सुरुवातीलाच धरावा लागतो. महिनाभराचं हे चक्र एकदा कागदावर मांडलं की नाचासाठी मोकळे पट्टे आपोआप दिसतात. भट्टी थंड होतेय तो दिवस माझा सगळ्यात चांगल्या तालमीचा दिवस असतो, कारण स्टुडिओत जाऊन करण्यासारखं काहीच नसतं.

शोच्या आठवड्यात भट्टी लावता का?

नाही. भट्टी लावली की लक्ष तिच्याकडे राहतं, मध्यरात्री उठून बघावंसं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पाय जड.

शरीर टिकतं का हो? पाठ, गुडघे, मनगटं?

टिकवावं लागतं, आणि इथे मी जरा कडक बोलते कारण तरुण मुलं-मुली हे फार हलक्यात घेतात.

चाकाने कंबर जाते. तासन्‌तास पुढे वाकून, वर एका कुशीला झुकून, भांड्याची बाजू दिसावी म्हणून मान वाकडी करून बसायचं, हे कुणालाच झेपत नाही. उपाय साधे आहेत. चाकासमोर पलीकडे एक आरसा उभा करा, त्यात भांड्याची बाजू सरळ बसून दिसते, वाकायची गरज नाही. बसायची जागा चाकाच्या डिस्कइतक्या उंचीची किंवा किंचित उंच ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर जात नाहीत. जमत असेल तर चाक उंचावर बसवून उभ्याने काम करा. मी बरीचशी भांडी उभ्याने करते, पायांना ते सवयीचं वाटतं. लाथेने फिरवायचं चाक असेल तर एकाच पायाने वर्षानुवर्षं फिरवू नका, नर्तकाला दोन्ही बाजू सारख्या लागतात.

मनगट आणि अंगठा हा दुसरा भाग. माती मळणं म्हणजे वेजिंग, जड गोळे दाबणं, याने अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. माती घट्ट असेल तर तुकडे करून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा, मऊ करून मग मळा. टेबल कमरेच्या खालच्या उंचीचं हवं, म्हणजे अंगाचं वजन वरून पडतं. मातीची पोती आणि भट्टीच्या शेल्फा उचलताना पाय वापरा, हे नर्तकाला सांगायला लागू नये पण लागतं.

नाचाच्या बाजूने धोका जमिनीचा. काँक्रीटवर किंवा त्यावर नुसत्या टाइल्स असलेल्या फरशीवर उड्या मारून पायाच्या हाडांना बारीक चिरा पडतात, नडगीला आणि पावलाच्या लांब हाडांना जास्त. खाली स्प्रिंग देणारी लाकडी फ्लोअर हवी. आणि बहुतेक सिरॅमिक स्टुडिओंची जमीन नेमकी काँक्रीटची असते, कारण ती धुवायची असते. म्हणून दिवसभर स्टुडिओत उभं राहायचं तर जाड रबरी मॅट टाका.

क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे: आधी नाच, मग माती. सकाळी ताज्या, गरम अंगाने तालीम करा, चाकाचं काम दुपारी. उलट केलं तर आखडलेल्या कमरेवर उड्या मारता, आणि दुखापत तिथेच होते. कुठलंही दुखणं दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्यांना दोन्ही कामं सांगा, एकच सांगितलंत तर कारण सापडणार नाही.

नखं वाढवता येतात का?

नाही. आणि हात कोरडे पडतात, माती त्वचेतलं तेल ओढून घेते. काम झालं की धुवून लगेच क्रीम लावायचं. अंगठ्या, बांगड्या काढूनच बसायचं.

असं आधी कुणी केलंय का?

खूप जणांनी! आणि मला वाटतं ही माणसं जास्त ओळखीची व्हायला हवीत.

सगळ्यात जवळचं उदाहरण पॉलस बेरेनसन (१९३३–२०१७). न्यूयॉर्कचा नर्तक, ज्युलियार्डमध्ये शिकलेला. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी पॉइंटला कॅरन कार्न्स या कुंभार बाईंना चाकावर काम करताना पाहिलं आणि त्याला आधी दिसलं ते भांडं नाही, त्यांची हालचाल. ती हालचाल शिकायची म्हणून तो मातीकडे आला. पुढे तो पिंच पॉटसाठी ओळखला गेला, म्हणजे चाक नाही, काही नाही, गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने आणि बोटांनी चिमटत घडवायचा. १९७२ मध्ये त्याचं त्यावर पुस्तक आलं आणि उत्तर कॅरोलायनातल्या पेनलँड या कारागिरीच्या शाळेशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. नर्तक चाक सोडून चिमटण्याकडे वळतो हे मला फार पटतं, कारण तिथे यंत्र मध्ये येत नाही, लय पूर्ण तुमची असते.

त्याला शिकवणाऱ्यांपैकी एक म्हणजे एम. सी. रिचर्ड्स (१९१६–१९९९), कवयित्री आणि कुंभार. ती उत्तर कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन या कलांच्या प्रयोगशील कॉलेजमध्ये होती, आणि ती जागाच वेगळी होती. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे संगीतकार जॉन केजने एक कार्यक्रम केला ज्यात रिचर्ड्सने कविता वाचल्या आणि नर्तक मर्स कनिंगहॅम प्रेक्षकांमधून नाचत गेला. त्याच वर्षी तिथे इंग्लंडचा बर्नार्ड लीच आणि जपानचा शोजी हमादा हे नामांकित कुंभार मातीकाम दाखवायला आले. पुढच्या उन्हाळ्यात, १९५३ मध्ये, कनिंगहॅमची डान्स कंपनी तिथेच उभी राहिली. म्हणजे एकाच छोट्याशा कॉलेजात भट्टी आणि नाच इतके शेजारी होते.

शिल्पकार इसामू नोगुची स्वतः नाचत नव्हता, पण त्याला मी याच घरातला मानते. १९३१ मध्ये तो क्योटोला मातीकाम करत होता, १९३५ मध्ये त्याने अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमसाठी पहिला सेट केला, कुंपणाचा तुकडा आणि दोन दोर, बस्स, आणि १९५२ मध्ये तो पुन्हा जपानात, कामाकुराजवळ राहून सिरॅमिक्स करत होता. रिकामी जागा कशी वजनदार करायची हे त्याला दोन्हीकडे कळलेलं होतं.

आणि हे नातं फार जुनं आहे. १९७३ मध्ये चीनच्या चिंगहाय प्रांतात मातीचं एक पसरट भांडं सापडलं, साधारण ५००० वर्षांपूर्वीचं. त्याच्या आतल्या बाजूला, काठाखाली, हात धरून नाचणारी माणसं रंगवलीत, पाच-पाच जणांचे तीन गट. भांड्याच्या गोलामुळे तो नाच कुठे सुरू होत नाही आणि कुठे संपत नाही. थांग राजवटीच्या (इ.स. ६१८–९०७) थडग्यांमध्ये लांब बाह्यांच्या मातीच्या नर्तकी मिळतात. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम १०.५ सेंटिमीटरची, ती ब्राँझची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतायच्या पद्धतीने केलेली आहे आणि त्या पद्धतीत मेणावर लेप मातीचा असतो. म्हणजे तिच्या अंगाचा ठसाही आधी मातीनेच घेतला.

स्टेजवर खरी माती वापरता येते का?

येते. २००६ मध्ये आविन्योंच्या महोत्सवात चित्रकार मिकेल बार्सेलो आणि नृत्यदिग्दर्शक योसेफ नाज या दोघांनी पासो दोब्ले नावाचा प्रयोग केला, मागची भिंत आणि जमीन दोन्ही ओल्या मातीची, आणि दोघं त्यात हाताने, अवजारांनी, अख्ख्या अंगाने शिरत गेले. ज्यांना हे करायचंय त्यांनी पाहावा.

पण प्रॅक्टिकल गोष्टी आधी बघा. ओल्या मातीचं वजन प्रचंड असतं, एक घनफूट जवळपास पन्नास किलोच्या आसपास, तेव्हा स्टेज किती पेलतं ते विचारून घ्या. स्लिपवर, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ मातीवर, पाय बर्फावरून गेल्यासारखा सटकतो, घट्ट माती त्यामानाने धरते, म्हणून पाण्याचं प्रमाण तालमीतच ठरवा आणि लाइट्सच्या उष्णतेने ती सुकते हेही धरा. अंग गार पडतं, वॉर्म-अप नेहमीपेक्षा लांब हवा. आणि ती माती नंतर ओली असतानाच उचलायची, सुकू द्यायची नाही. भाजलेली भांडी स्टेजवर आणणार असाल तर अनवाणी नाचताना एकही फुटायला नको, ग्लेझच्या कपच्या काचेच्याच असतात. मुद्दाम फोडायचंच असेल तर शेवटी, आणि त्यानंतर कुणी त्या भागात पाऊल टाकणार नाही असं बसवा.

नाच संपला की काही उरत नाही, भांडं उरतं. कुठलं जास्त आवडतं?

आवडीचं सांगता येणार नाही, पण फरक फार खरा आहे. भाजलेली माती पुन्हा कधीच माती होत नाही, साधारण ६०० अंशांच्या पुढे गेली की पाण्यात विरघळायची तिची क्षमता संपते, आणि म्हणूनच हजारो वर्षांपूर्वीची खापरं आजही मिळतात. म्हणजे मी वाईट मग केला तर तोही हजारो वर्षं राहू शकतो! याचं मला खरंच ओझं वाटतं. त्यामुळे भाजायच्या आधी मी खूप मोडते. सुकलेलं भांडं पाण्यात टाकलं की काही वेळात ढासळून चिखल होतं आणि ती माती परत वापरता येते. जे भाजायच्या लायकीचं नाही ते भाजू नये असं मला मनापासून वाटतं. इंधन जातं, जागा जाते, आणि जग वस्तूंनी आधीच भरलंय.

नाच लिहून ठेवायची पद्धत आहे, नृत्याचा अभ्यासक रुडॉल्फ लाबानने १९२८ मध्ये त्याची नोटेशन, म्हणजे चिन्हांची लिपी, मांडली, व्हिडिओ तर सगळेच करतात. तरी नाच राहतो तो दुसऱ्याच्या अंगात. म्हणून मी ज्युनिअर्सना माझे नाच शिकवते आणि त्यांनी बदलले तरी चालतात.

यावर पोट भरतं का?

एकट्या कशावरही नाही, सगळ्याचं मिळून भरतं. शिकवणं हा कणा, मग ऑर्डरची भांडी, मग शो. भांड्यांचा पैसा सावकाश पण सारखा येतो, शोचा एकदम येतो आणि मग महिनोन्‌महिने नाही. भट्टी ही मोठी गुंतवणूक आहे, सुरुवातीला घेऊ नका, दुसऱ्याच्या भट्टीत जागा भाड्याने घ्या. आणि भांड्याची किंमत ठरवताना भट्टीत वाया गेलेली भांडी, टेस्टिंगचा वेळ हे धरा. फुकट नाचायला बोलावणारे खूप भेटतात, फुकट भांडी मागणारे त्यामानाने कमी, का ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण दोन्हीला नाही म्हणायला शिका.

वय वाढल्यावर नाच सुटणार, मग माती राहणार, असंच ना?

हे इतक्या सहज बोललं जातं की मला त्रास होतो. बुतो या जपानी आधुनिक नृत्यशैलीतला नर्तक काझुओ ओनो, जन्म १९०६, त्याचा सगळ्यात गाजलेला एकल प्रयोग त्याने सत्तरी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये केला. पुढे चालता येईना तेव्हा तो खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचला, आणि १०३ वर्षं जगला. दुसऱ्या बाजूला बिआट्रिस वुड, जन्म १८९३, तरुणपणी रंगभूमीवर, मातीला हात लावला तोच चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९३३ मध्ये. तिचे धातूसारखी चमक असलेले लस्टर ग्लेझ जगभर नावाजले गेले आणि शंभरी उलटल्यावरही ती काम करत होती, १०५ व्या वर्षी गेली. उड्या कमी होतील, जड गोळे उचलता येणार नाहीत, मोठ्या भांड्यांऐवजी छोटी होतील. कामाचा आकार बदलेल. सुटेलच असं कोण म्हणतं?

माझ्याकडे चाक नाही, भट्टी नाही, नाच कधी शिकले नाही. सुरुवात कुठून करू?

मुठीत मावेल इतकी माती घ्या. डोळे मिटा, उभं राहा, गोळा एका तळव्यावर, दुसऱ्या हाताचा अंगठा मध्यभागी आत दाबा, तळाला बोटभर जाडी ठेवा. मग चिमटा, थोडं फिरवा, चिमटा, थोडं फिरवा. एक लय सापडेल, ती सापडली की पायांवरचं वजन त्या लयीत एकीकडून दुसरीकडे जाऊ द्या, बस्स इतकंच, सुंदर काही करायचं नाही. भिंत कुठे जाड आहे ते डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. काठाला चिरा पडायला लागल्या तर ओल्या बोटाने बुजवा, पण पाणी कमी, जास्त पाण्याने वाटी बसते. झाली की मोडा आणि परत करा. भाजायची काही गरज नाही, त्यामुळे भट्टी नाही ही अडचणच उरत नाही. हे काही आठवडे आवडलं तर मग क्लास शोधा, दोन्हीचे वेगवेगळे, आणि शिक्षक असा बघा जो हात लावायच्या आधी उभं कसं राहायचं ते सांगतो.

एकाच खोलीत दोन्ही करता येईल का? जागा एकच आहे.

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि याचं उत्तर शक्यतो नाही असंच आहे.

कारण धूळ. सुक्या मातीत आणि ग्लेझच्या पावडरींमध्ये सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात, फुप्फुसात खोलवर जातात आणि तिथून बाहेर येत नाहीत. वर्षानुवर्षांनी होणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि झालेली हानी भरून येत नाही. आता विचार करा, शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, जोरात नाचणारा त्याच्या कितीतरी पट, तेही तोंडाने, आणि वर पाय आपटून जमिनीवरची धूळ स्वतःच उडवतो. मातीच्या स्टुडिओत नाचण्याइतकी वाईट जागा नाही.

खोली एकच असेल आणि पर्यायच नसेल तर मग नियम पाळावेच लागतील. मातीचं काम फक्त ओलं, म्हणजे चाक, पिंच, कॉइल (मातीच्या वळ्या रचून केलेलं काम). ग्लेझची पावडर मिसळणं, सुकं सँडिंग, सुकी माती फोडणं हे त्या खोलीत कधीच नाही, आणि जिथे कराल तिथे धुळीचा चांगला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावून. झाडू बंद. ओला स्पंज, ओला मॉप, पाणी बदलून दोनदा. मातीचे कपडे आणि चपला खोलीतच काढायच्या, तालमीचे कपडे वेगळे, टॉवेलसुद्धा वेगळा, कारण एप्रनवर सुकलेली माती झटकली की तीच धूळ. इलेक्ट्रिक भट्टी त्या खोलीत नकोच, भाजताना वायू निघतात. आणि मॉप मारल्यावर जमीन पूर्ण सुकेपर्यंत नाचायचं नाही, फरशीवर मातीचा ओला पातळ थर राहिलेला असतो, तो दिसत नाही आणि पहिल्याच गिरकीला पाय सटकतो. मी संध्याकाळी पुसून ठेवते, सकाळी बोट फिरवून बघते, बोटाला पांढरं लागलं तर परत पुसते आणि त्या दिवशी तालीम दुसरीकडे नेते.